दोन सकाळी, दोन संध्याकाळी

“वहिनी, हे तर पिंपल्सचं औषध आहे.”

हर्षाली नुकतीच कॉलेजातून आली होती. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून, कॅप्सूलची पट्टी उजेडाला धरून ती मागची बारीक अक्षरं वाचत होती. मी कस्तुरीला मांडीवर घेऊन तिच्या ओठांना मलम लावत होते. ओठ इतके फुटले होते की पोर हसायची बंद झाली होती. हसलं की रक्त यायचं.

“काय म्हणालीस?”

“आज आमच्या मॅडमनी शिकवलं. हेच नाव. चेहऱ्यावर फार पिंपल्स असले की त्वचेचे डॉक्टर देतात. मला वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली, म्हणून घरी येऊन बघितलं. तेच आहे.”

“कस्तूला कॅन्सर झालाय, हर्षाली.”

“तेच तर. मलाही कळेना.”

ती सहज बोलली आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेली. माझं बोट मात्र कस्तुरीच्या ओठावर तसंच थांबलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. आम्ही तेव्हा अमळनेरला राहायचो. माझा नवरा युवराज जवळच्या एका गावात शाळामास्तर होता. मी पोस्टात, रजिस्टर टपालाच्या टेबलावर. हर्षाली युवराजची धाकटी बहीण. आई-वडील लवकर गेल्यामुळे ती आमच्याकडेच वाढली. माझं लग्न झालं तेव्हा बारा वर्षांची होती, तिच्या वेण्या मी घातल्यात. आता ती फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती.

कस्तुरी दोन वर्षांची असताना अंघोळ घालताना माझ्या हाताला तिच्या पोटात काहीतरी कडक लागलं होतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ. डॉक्टरांनी नाव सांगितलं, न्यूरोब्लास्टोमा. म्हणाले, मज्जातंतूंच्या कच्च्या पेशी असतात, आईच्या पोटात असतानाच्या, त्या मोठ्या व्हायचं विसरतात आणि नुसत्या वाढत राहतात. मग वर्षभर मुंबई. एक लाल औषध होतं, ते शिरेतून जाताना नर्स सगळी कामं सोडून शेजारी उभी राहायची. एका औषधाने पायातली ताकद गेली, पोर पाऊल ओढत चालू लागली. एक औषध कानांवर गेलं. तेव्हापासून तिला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, चिमण्या ऐकू येत नाहीत. मग ऑपरेशन, मग तिच्याच रक्तातल्या पेशी काढून पुन्हा घालणं, मग किरणांचा शेक. या सगळ्यातून बाहेर आल्यावर डॉ. तळपदे बाई म्हणाल्या होत्या, “आता फक्त कॅप्सूल. चौदा दिवस द्यायच्या, चौदा दिवस थांबायचं. अशा सहा फेऱ्या. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. परदेशात यापुढे एक इंजेक्शन देतात, ते आपल्याकडे मिळत नाही. तेव्हा आपली सगळी भिस्त या कॅप्सूलवर.”

आणि ती कॅप्सूल पिंपल्सची निघाली.

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला फोन लावला. डॉ. तळपदे बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “औषध तेच आहे, बरोबर आहे तुमच्या नणंदेचं. पण पिंपल्सना देतात त्याच्या कितीतरी पट आपण देतो. कच्च्या पेशी कुठे उरल्या असतील तर हे औषध त्यांना वयात आणतं. वयात आल्या की वाढायच्या थांबतात. आणि हो, रिपोर्ट बघितला मी. रक्तातली चरबी वाढलीय. या औषधाने वाढतेच, ओठही फुटतात. तळलेलं, वेफर्स, फरसाण तेवढं बंद करा.”

मी हो म्हटलं. फोन ठेवला. समाधान झालं नाही.

वर्षानुवर्षं रजिस्टर टपाल हाताळलं की माणसाची नजर एका तऱ्हेची होते. पिशवी आली की आधी सील बघायचं, मग दोरा, मग वजन. नाव नंतर. सील जरा सरकलेलं दिसलं की मी पिशवी उघडतच नसे, आधी साक्षीदार बोलवायची. घरीही तीच सवय. पहिल्या फेरीत औषध द्यायचं काम हर्षालीकडे होतं, कारण मुंबईहून निघताना नर्सने तिलाच समजावून दिलं होतं. मी तेव्हा कस्तुरीची सलाईनची सुई काढून घ्यायला आत गेले होते. हर्षाली हातमोजे घालायची, कॅप्सूलला टाचणीने भोक पाडायची आणि आतलं पिवळं तेल वाटीत पिळून साखर-सायीत कालवून भरवायची. कस्तुरी मिटक्या मारत खायची. मला बरं वाटायचं, दिवसातला तेवढा वेळ मोकळा मिळायचा.

त्या फोननंतर मी कपाटातून पट्ट्या काढल्या आणि मोजल्या.

रुग्णालयातून दोन फेऱ्यांसाठी बारा पट्ट्या मिळाल्या होत्या, एकशेवीस कॅप्सूल. एका फेरीच्या छप्पन्न. फेरी संपली होती, म्हणजे चौसष्ट उरायला हव्यात. बासष्ट होत्या. पुन्हा मोजल्या. बासष्ट.

“हर्षाली, दोन कमी आहेत.”

ती कस्तुरीसमोर बसून चित्राच्या पुस्तकातला हत्ती दाखवत होती. मान वर करून म्हणाली, “अहो, त्या दिवशी कस्तूने उलटी केली नव्हती का? औषध दिलं आणि लगेच सगळं बाहेर. म्हणून परत दिल्या दोन. नर्सने सांगितलं होतं तसं.”

“मला नाही सांगितलंस.”

“तुम्ही अंघोळीला होतात. मग राहिलं.”

राहिलं. साधी गोष्ट. पण माझ्या मनात सील सरकलं होतं. मला आठवायला लागलं: आल्या आल्या हिने पट्टीच का बघितली? पिंपल्स म्हणताना हिचा हात आपसूक स्वतःच्या गालाकडे गेला होता का? हर्षालीच्या चेहऱ्यावर तेव्हा फार मुरमं होती. लाल, ठणकणारी. कपाळ, गाल, हनुवटी. फोटो काढायला उभी राहायची नाही. एका स्थळाकडच्या बायकांनी तोंडावर बोलून दाखवलं होतं, त्यानंतर दोन दिवस ती जेवली नव्हती.

“पुढच्या फेरीपासून औषध मी देईन,” मी म्हटलं.

“द्या की. मग एक करा, सायीतूनच द्या. नाहीतर—”

“साय? रक्तात चरबी वाढलीय म्हणून डॉक्टर सांगतात आणि तू तिला साय चारायला सांगतेस?”

“अहो, पण वहिनी, नर्स म्हणाली होती की—”

“नर्स म्हणजे डॉक्टर नाही.”

 पट्ट्या मी लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. हर्षालीने ते बघितलं. 

दुसरी फेरी डिसेंबरात सुरू झाली. घरातलं तूप, लोणी, साय, शेंगदाणे, सगळं बंद. दूधही पातळ, वरचं काढून घेतलेलं. सकाळी मी दार लावून घ्यायची, कॅप्सूल टोचायची आणि मोसंबीच्या रसात पिळून कस्तुरीला पाजायची. पोर तोंड वेंगाडायची पण प्यायची. नंतर वाटी घासताना कडेला पिवळट, चिकट वर्तुळ दिसायचं. साबणानेही लवकर निघायचं नाही. गरम पाणी घालून मी ते घासून काढायची आणि स्वच्छ वाटी फडताळात उपडी ठेवायची.

आठव्या दिवशी कस्तुरी हसली. युवराज तिला घोडा घोडा करत होता आणि ती खळखळून हसली, आणि ओठातून रक्त आलं नाही.

“सरोज, बघ!” युवराज म्हणाला. “ओठ बघ कसे छान झालेत. गालाची सालंही गेली.”

मीही आनंदाने बघितलं. आनंद टिकला तो जेवणापर्यंत. हर्षाली ताट वाढून घेत होती. दिवाणखान्यातल्या उजेडात तिचा चेहरा मी बहुधा महिन्याभराने नीट पाहिला. मुरमं बसली होती. कपाळ जवळजवळ साफ. आणि तिचे ओठ फुटले होते. कोपऱ्यांत चिरा, खालच्या ओठाची साल निघत होती.

माझ्या हातातला डाव वाटीत पडला.

“काय झालं?” युवराजने विचारलं.

“काही नाही.”

त्या दिवसापासून मी दुसरं काहीच केलं नाही, तिच्याकडे बघत राहिले. ती पाणी किती पिते. ओठांना काय लावते. बॅग कुठे ठेवते. ती फार्मसीत शिकते. तिथे प्रयोगशाळेत कॅप्सूल भरायला शिकवतात, तिनेच एकदा सांगितलं होतं. नुसतं तेल भरलेली कॅप्सूल बनवायला कितीसा वेळ? किल्ली माझ्याकडे होती खरी, पण पहिल्या फेरीत पट्ट्या तिच्या हातात होत्या. तेव्हाच बदलल्या असतील तर? मी पट्ट्या पुन्हा पुन्हा तपासल्या. चांदीचा कागद कुठे उचकटलेला दिसत नव्हता. पण दिसणार नाहीच, असं मी स्वतःला सांगत होते, जिला करायचंय ती नीटच करणार.

युवराजला मी सांगितलं. 

“थंडी आहे, सरोज. माझेपण ओठ फुटलेत.”

“तुझी मुरमं गेली नाहीत.”

“ती कस्तूला जीव लावते. तू बघत नाहीस?”

“जीव लावणारी माणसंच घरात असतात. बाहेरचा कोण येणार कपाटाशी?”

“मग विचार तिला सरळ.”

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. फेरी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, हर्षाली न्हायला गेली असताना मी तिची बॅग उघडली. वह्या, कंगवा, डबा, आणि आतल्या चेनच्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेली एक पट्टी. दहा खाचांची, चार रिकाम्या. मागे बारीक अक्षरांत तेच लांबलचक नाव, जे मला आता झोपेतही लिहिता आलं असतं.

ती केस पुसत बाहेर आली तेव्हा मी पट्टी हातात घेऊन तिच्या खाटेवर बसले होते.

आधी तिचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला.

“तुम्ही माझी बॅग उघडलीत?”

“हे काय आहे, हर्षाली?”

“माझं आहे.”

“तुझं? कस्तूच्या तोंडातलं काढून तुझं?”

“वहिनी!”

“ओठ कोणाचे फुटायला हवेत, आणि फुटलेत कोणाचे? सांग मला. तीन वर्षांची पोर आहे ती. तिला वाचवायला एवढी एकच गोष्ट उरलीय आणि तू... चेहऱ्यासाठी?”

“वहिनी, आकडा वाचा.” तिने पट्टीकडे बोट दाखवलं. “पट्टीवरचा आकडा वाचा आधी. कस्तूची वीस मिलिग्रॅमची आहे. ही दहाची. कंपनीपण वेगळी आहे. मी धुळ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. चिठ्ठी आहे माझ्याकडे.”

“मग लपवलीस कशाला?”

 कस्तुरी शेजारी जमिनीवर बसून डबे एकात एक घालत होती. आम्ही एवढ्या मोठ्याने बोलत होतो तरी तिने वर बघितलं नव्हतं. हर्षालीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“घरात एवढं मोठं दुखणं चालू आहे,” ती हळू म्हणाली. “पोरगी मरणाच्या दारातून आलीय. आणि मी माझ्या तोंडावरच्या पुटकुळ्यांचं औषध घेते, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते तुम्हाला?”

आज मला वाटतं, एवढं ऐकून कुणीही थांबलं असतं. मी पट्टीवरचा आकडा वाचला नाही. मी म्हटलं, “चिठ्ठी तर कुणीही लिहून देतं. तुझ्या कॉलेजात काय कमी आहे?”

तिने कपडे भरले. युवराज शाळेतून येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. तो आल्यावर म्हणाली, “दादा, मला मावशीकडे सोड.” धुळ्याला त्यांची मावशी राहायची. युवराजने तिला विचारलं, मला विचारलं, दोघींनीही सांगितलं नाही. शेवटी पट्टी आणि चिठ्ठी तिने त्याच्या हातात दिली आणि ती बसस्टँडकडे चालू लागली. तो बॅग घेऊन तिच्यामागे गेला. परत आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. पुढचे दहा दिवस त्याने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

पण मी ढळले नाही. माझी खात्री होती. कस्तुरीच्या उरलेल्या सहा कॅप्सूल मी एका डबीत घालून, वर कागद चिकटवून, त्यावर सही करून मुंबईला नेल्या.

डॉ. तळपदे बाईंनी कस्तुरीला टेबलावर बसवलं. तिचा गाल बोटाने चाचपला. ओठ बघितले. तळहात उलटेसुलटे केले. मग रक्ताचा रिपोर्ट उचलला आणि बराच वेळ वाचत बसल्या.

“चरबी अगदी जागेवर आलीय,” त्या म्हणाल्या. “त्वचा लोण्यासारखी. सरोजताई, औषध देताय ना?”

“म्हणजे?”

“रागावू नका. पण या औषधावर असलेल्या मुलाचे इतके छान ओठ बघून मला काळजी वाटते.”

मी याच क्षणाची वाट बघत होते. डबी काढून त्यांच्या समोर ठेवली. “मॅडम, मला संशय आहे की औषध बदललंय. घरातल्याच माणसाने. तुम्ही हे तपासायला पाठवा.”

युवराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंनी कागद फाडला. पट्टीचा तुकडा दिव्याखाली धरला, क्रमांक वाचला, आपल्या वहीतल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. एक खाच फोडून कॅप्सूल दाबून बघितली.

“हे आमचंच औषध आहे. पट्टी बंद आहे, यात काही घालता येत नाही आणि काढता येत नाही.” त्यांनी कॅप्सूल खाली ठेवली. “कसं देता ते सांगा. अगदी पहिल्यापासून.”

मी सांगितलं. दार लावते, टाचणीने टोचते, पिळते, मोसंबीच्या रसात घालते, चमच्याने पाजते.

“रसात?”

“हो.”

“सोबत दूध, तूप, काही?”

“नाही मॅडम. चरबी वाढली होती ना. मी सगळं बंद केलं. एक थेंब नाही.” हे सांगताना माझ्या आवाजात अभिमान होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाईंनी चष्मा काढला.

“सरोजताई, हे औषध तेलात विरघळतं. पोटात काहीतरी स्निग्ध असेल तरच ते रक्तात उतरतं. रसात घातलं की निम्मं भांड्यालाच चिकटतं. वाटीला पिवळं लागलेलं दिसायचं का?”

मी मान हलवली. घासून घासून काढलेली ती वाटी माझ्या डोळ्यांसमोर होती.

“आणि पोटात गेलेलं बरंचसं तसंच बाहेर गेलं. मी तळलेलं बंद करा म्हटलं होतं. पहिल्या फेरीत कोण देत होतं?”

 युवराज खिडकीजवळूनच म्हणाला, “माझी बहीण. सायीतून.”

“तिला बरोबर कळलं होतं,” बाई म्हणाल्या.

“त्या चौदा दिवसांचं काय होईल, मॅडम?” मी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. तिसरी फेरी नीट द्या. दुसरी आपण शेवटी पुन्हा देऊ.”

मुंबईहून परत येताना आम्ही अमळनेरला उतरलो नाही, युवराजने धुळ्याची गाडी धरली होती. मी विचारलं नाही कुठे जातोय. मावशीच्या घराचं दार उघडंच होतं. हर्षाली अंगणात गहू पाखडत बसली होती. कस्तुरी युवराजच्या कडेवरून उतरून पाऊल ओढत तिच्याकडे धावली. तिने सूप बाजूला ठेवून पोरीला पोटाशी धरलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मावशींनी मला पाणी दिलं. बस म्हणाल्या नाहीत.

“हर्षाली,” मी म्हटलं, “माझं चुकलं. औषध ठीक होतं. मी रसातून देत होते. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही.”

ती कस्तुरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. केस नुकते उगवायला लागले होते, कोंबडीच्या पिलासारखे.

“आकडा वाचलात का?” तिने विचारलं.

“वाचला.” खोटं नव्हतं. येताना गाडीत युवराजने ती पट्टी माझ्या मांडीवर ठेवली होती.

“कधी?”

“आज.”

तिने कस्तुरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “तिसरी फेरी कधीपासून आहे?”

“सोमवारपासून.”

“मी येते. कस्तूसाठी येते.”

ती आली. मी किल्ली तिच्या हातात द्यायला गेले, तिने घेतली नाही. “तुमच्याकडेच राहू द्या,” म्हणाली. सोमवारी सकाळी तिने हातमोजे घातले, वाटीत साय घेतली आणि मला हाक मारली. पट्टी माझ्यासमोर धरली. “वहिनी, बघून घ्या. वीसची. दोन काढतेय.” टोचल्या, पिळल्या, कालवल्या. भरवून झाल्यावर वाटी माझ्यासमोर तिरकी केली. “रिकामी.” मग दोन पोकळ कॅप्सूल तळहातावर ठेवून दाखवल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या फेरीत ओठ पुन्हा फुटले. कस्तुरी रडायची, चिडायची, कपडे अंगाला लागले तरी किंचाळायची. मी त्या रक्ताळलेल्या ओठांकडे बघून देवाचे आभार मानायची. हर्षालीने स्वतःचं औषध तेव्हाच सोडून दिलं होतं. मुरमं पुन्हा उठली. मी एकदा म्हटलं, घे ना, मी सांगते दादाला. ती म्हणाली, “नको. घरात एकाच्या नावाची पट्टी असलेली बरी.” रागाने बोलली नाही. घरातलं सामान सांगावं तसं बोलली.

चौथी फेरी, पाचवी, सहावी. मग बाईंनी सांगितल्याप्रमाणे वाया गेलेली दुसरी, पुन्हा. रोज दोनदा तिने मला बोलावलं आणि रोज दोनदा मी गेले. पोळी लाटत असले तर हात पुसून गेले. ही माझी शिक्षा आहे आणि ती मी मुकाट्याने भोगली पाहिजे, असं मी मनाशी धरलं होतं. त्यात एक प्रकारचा चांगुलपणाही मला वाटू लागला होता.

कस्तुरी वाचली. आज ती एकोणीस वर्षांची आहे, कानांत यंत्रं घालते आणि जळगावला हॉस्टेलवर राहून शिकते. त्या चौदा दिवसांनी काय केलं किंवा काय केलं नाही, हे मला कधी कळलं नाही. दर तपासणीला मी ते पोटात घेऊन गेले आणि दर वेळी पोरगी ठणठणीत निघाली.

शेवटचा दिवस मे महिन्यातला होता. संध्याकाळचा डोस. हर्षालीने हाक मारली. मी गेले. तिने शेवटची पट्टी धरली, तिच्यात दोनच खाचा भरलेल्या होत्या.

“वहिनी, बघून घ्या. वीसची. दोन.”

मी बघितलं. कस्तुरीने साय खाल्ली, चमचा चाटला आणि खेळायला पळाली. वाटी तिरकी झाली. पोकळ कॅप्सूल तळहातावर आल्या. मी मान डोलावली.

हर्षालीने हातमोजे काढले आणि पाटावर बसली. दमल्यासारखी.

“संपलं,” मी म्हटलं. “हर्षाली, तू मला फार मोठी शिक्षा दिलीस. पण ती मला मिळायलाच हवी होती.”

तिने चमकून वर बघितलं.

“शिक्षा?”

“रोज दाखवत होतीस ते.”

“वहिनी, मी शिक्षा म्हणून नव्हते दाखवत.” तिचे डोळे भरून आले होते. धुळ्याला आले नव्हते, बॅग भरताना आले नव्हते, ते आत्ता आले. “मी रोज वाट बघत होते. कधीतरी एकदा तुम्ही म्हणाल, राहू दे, दाखवायची गरज नाही. पाच फेऱ्या झाल्या. रोज दोनदा. तुम्ही दर वेळी आलात आणि दर वेळी बघितलंत.”

 मी शिक्षा समजून येत होते, हे पुन्हा सांगावं असं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की पाच मिनिटांपूर्वी तिने पट्टी पुढे केली, तेव्हा मी आधी आकडा वाचला होता.